ब्लेसची सातची सुई

"लग्न का नाही केलंस गं?" असं कुणी विचारलं की हिस्के पोस्तमा म्हणायची, "पूल सोडून जाता येत नव्हतं." ऐकणारे हसायचे. तिने मात्र ते विनोदाने म्हटलेलं नसायचं.

आल्डवारेन गावच्या कालव्यावर उचलता पूल आहे. त्या पुलाची राखण हिस्केने एकोणतीस वर्षं केली. एप्रिल उजाडला की शिडाच्या होड्या सुरू. होडीने भोंगा दिला की घंटा वाजवायची, फाटकं पाडायची, पूल वर घ्यायचा, होडी गेली की पुन्हा खाली. जेवायचं ते दोन होड्यांच्या मधे, आणि मोरीला जायचं तेही दोन होड्यांच्या मधे. उन्हाळाभर जर्मन, डॅनिश, इंग्रज लोक उघड्या पाठीने तिच्यासमोरून जायचे, हात हलवायचे आणि समुद्राला लागायचे. हिवाळ्यात पूल निजलेला असायचा, पण घरी आई अंथरुणाला खिळलेली. अकरा वर्षं आईला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. आई गेली आणि तीन वर्षांत पुलावर कॅमेरे बसले. आता पंचवीस किलोमीटरवरच्या एका खोलीत बसून कुणीतरी बटण दाबतं आणि आल्डवारेनचा पूल उचलला जातो. हिस्केला एक केक आणि फुलं देऊन घरी पाठवलं. तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती.

महिनाभर तिला काही सुचेना. मग शेजारची नीन्के तिला ओढून गायनमंडळात घेऊन गेली. हिस्केचा आवाज खालच्या पट्टीतला, जाड. मंडळाला तसलाच हवा होता. दर बुधवारी साडेसातला पलीकडच्या गावच्या चर्चमध्ये तालीम असायची. तिसाव्या बुधवारी बातमी आली, की पुढच्या जुलैत एस्टोनियात गाण्यांचा मोठा मेळा आहे आणि मंडळाला बोलावणं आहे. बारा दिवसांचा प्रवास, त्यातले दोन दिवस जहाजावर. कागद फिरला तेव्हा पहिलं नाव हिस्केने घातलं. नीन्के म्हणाली, "अगं, शाई तरी वाळू दे!"

त्यानंतर सहा आठवड्यांनी तिचा भाऊ डर्क अंगणात कोसळला.

डर्क सत्तरीचा. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात तो आणि ब्लेस नावाचा काळापांढरा शिकारी कुत्रा, एवढंच बिऱ्हाड. मेंदूत रक्ताची गाठ अडकली. ब्लेसने भुंकून भुंकून शेजाऱ्याला आणलं म्हणून जीव वाचला. पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरले ते चार शब्द. "हो", "ना", "ब्लेस" आणि एक सणसणीत शिवी. ती शिवी मात्र अगदी स्पष्ट यायची, बहुतेक वेळा डॉक्टर खोलीत असतानाच. डर्कला बारा किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात तळमजल्यावर खोली मिळाली. कुत्र्याला कुणी ठेवायचं?

"दोन आठवडे ठेवते," हिस्के म्हणाली. "मग बघू."

ब्लेस आला तो पाणी पीतच आला. भांडं भरावं आणि वळून बघावं तर रिकामं. रात्री दारातल्या पायपुसण्यावर मुतायचा आणि सकाळी लाजून टेबलाखाली बसायचा. जेवायचा दोघांचं, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला होता.

"धन्याच्या दुःखात आहे बिचारा," हिस्के म्हणाली.

"दुःखात कुणी एवढं पाणी पीत नाही," नीन्के म्हणाली. "सीत्सेला दाखव."

सीत्से हा तिथला जनावरांचा डॉक्टर. हात एवढाले, बोलणं संथ. सकाळी गाई, दुपारी कुत्री-मांजरं. त्याने ब्लेसच्या कानाला टोचून थेंबभर रक्त घेतलं, यंत्राकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या. साखर असायला हवी त्याच्या पाचपट होती.

"मधुमेह आहे, हिस्केबाई. इन्सुलिन द्यावं लागेल. दिवसातून दोनदा, बरोबर बारा तासांच्या अंतराने, पोटभर जेवण झाल्यावर. सकाळी सात, संध्याकाळी सात, असं धरा."

"किती दिवस?"

"तो आहे तोवर."

हिस्केला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे रोज?"

"रोज. नाताळालासुद्धा."

"आणि नाही दिलं तर?"

सीत्सेने हातातलं यंत्र खाली ठेवलं. "नाही दिलं तर महिना-दीड महिन्यात जाईल, आणि सुखाने नाही जाणार. तुम्हाला झेपणारं नसेल तर मी त्याला शांतपणे झोपवू शकतो. त्यात पाप नाही. मालकाला विचारा."

मालकाला विचारायचं ठरवूनच ती त्या रविवारी डर्ककडे गेली. तो खुर्चीत एका बाजूला कलंडून बसला होता. ती आत येताच त्याचा डावा डोळा तिच्या मागे दाराकडे गेला, आणि त्याने विचारलं, "ब्लेस?"

वाटेत बारा किलोमीटर घोकलेलं वाक्य हिस्केने सोडून दिलं. "मजेत आहे," ती म्हणाली. "सोफ्यावर लोळतोय, लबाड."

डर्कच्या तोंडाचा शाबूत कोपरा वर गेला. तिच्या सुटकेचं दार लागलं ते त्या क्षणी. तिलाही ते कळलं.

त्यानंतर हिस्केचं जग बारा तासांएवढं झालं. पहाटे सहाला गजर. साडेसहाला मोजून जेवण. सातला मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि सुई. मग दिवस. पण दिवस तरी कसला? साडेपाच वाजले की जिथे असेल तिथून निघायचं. चुलतबहिणीच्या साठीला गेली तेव्हा केक कापायच्या आधीच उठली. बुधवारच्या तालमीला पोचायची तेव्हा मंडळ दुसऱ्या गाण्यात असायचं, आणि तिला टाचा उचलून मागच्या रांगेत शिरावं लागायचं. एकदा नीन्केने थिएटरची तिकिटं आणली, तर हिस्के म्हणाली, "मध्यंतरानंतर काय झालं ते येऊन सांग."

"मी देते की एक दिवस सुई," नीन्के म्हणाली होती. तिने सिरिंज हातात घेतली, तिचं टोक पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसली. तिला साखर-पाणी देण्यात अर्धा तास गेला.

सगळ्यांत वाईट ब्लेस न जेवलेली सकाळ. पोटात अन्न नसताना इन्सुलिन द्यायचं नाही, सीत्सेने बजावलेलं. मग हिस्के फरशीवर गुडघे टेकून उकडलेली कोंबडी बोटांनी त्याच्या तोंडाशी न्यायची. "खा रे. एक घास. माझ्यासाठी एक." हेच शब्द आपण आईला म्हणत होतो, हे तिला एका जानेवारीच्या सकाळी आठवलं आणि ती वाटी तशीच ठेवून मागच्या दारी जाऊन उभी राहिली. गारठ्यात, चपलांशिवाय. तिच्या मनात आलं, की हा मेला तर? लगेच तिने स्वतःला झापलं. पण एकदा आलेला विचार घर ओळखून गेला होता. पुढे तो न बोलावताच येऊ लागला.

दर रविवारी डर्क विचारायचा, "ब्लेस?" आणि दर रविवारी ती म्हणायची, "मजेत."

मार्चमध्ये आणखी एक भानगड झाली. ब्लेसचं जनावरांचं इन्सुलिन बाजारात मिळेनासं झालं. सीत्सेने तिला बोलावून नवी बाटली पुढे ठेवली.

"हे माणसांचं आहे. मिश्र इन्सुलिन. नीट समजून घ्या."

"माणसांचं कुत्र्याला चालतं?"

"काहींना चालतं, काहींना नाही. आठवडाभर मी मोजून बघणार आहे. याच्यात काय आहे सांगतो. एका गाडीत बर्फावर पळणारे दोन स्केटर बसवलेत असं समजा. एक पाचशे मीटरवाला. अर्ध्या तासात सुटतो, जोरात पळतो आणि दमतो. दुसरा अकरा शहरांच्या दोनशे किलोमीटरच्या शर्यतीतला. सावकाश निघतो, पण दिवसभर थांबत नाही. जेवल्याबरोबर जी साखर चढते ती पहिला आवरतो, मागाहूनची दुसरा. शंभरात तीस पहिले, सत्तर दुसरे."

"आणि मला पहिला थोडा कमी हवा असेल तर?"

"नाही करता येत. कारखान्यातूनच मिसळून येतं. द्याल तेव्हा दोघंही जाणार. म्हणून तर जेवण आधी. रस्त्यावर साखर नसताना पाचशे मीटरवाला सुटला, तर तो कुत्र्यालाच घेऊन आपटतो."

मग त्याने बाटली उभी धरून दाखवली. तळाशी पांढरं बसलं होतं, वर पाणी. "जुनी बाटली तुम्ही हलवायचात, ही हलवायची नाही. दोन तळव्यांत धरून दहा वेळा लाटायची, दहा वेळा उलटीपालटी करायची. दुधासारखी एकजीव झाली की मगच भरायचं. नाहीतर एक दिवस नुसता पहिला येईल, एक दिवस नुसता दुसरा."

शेवटी त्याने दोन सिरिंज टेबलावर ठेवल्या. एकीचं टोपण लाल, एकीचं नारिंगी. "हे सगळ्यांत महत्त्वाचं. जुन्या औषधात एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट होते, ह्यात शंभर आहेत. म्हणून सिरिंज बदलली. आता फक्त नारिंगी. लाल सिरिंजने आठच्या रेघेपर्यंत भरलंत तर आठ नाही, वीस युनिट जातील. उरलेल्या लाल आणून द्या मला."

हिस्केने दुसऱ्याच दिवशी लाल सिरिंजचा डबा नेऊन दिला. पण स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांच्या मागे दुसरा अर्धा डबा पडला होता. तो तिला दिसला होता. चांगल्या वस्तू फेकायच्या कशा, म्हणून राहू दिला. शिवाय जुनं औषध पुन्हा येईलच, असंही तिला वाटलं.

नवं इन्सुलिन ब्लेसला मानवलं. पाणी कमी झालं, अंगावर मांस आलं, आणि एके दिवशी तो बदकांच्या मागेसुद्धा धावला. सीत्से खूश. हिस्के त्याच्या मोजणीचे आकडे बघत होती आणि मनात हिशेब करत होती. नऊ वर्षांचा कुत्रा. अजून तीन वर्षं? चार? मग मी किती वर्षांची असेन?

एप्रिलच्या एका गुरुवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला. ब्लेसचं जेवण झालं होतं.

"हिस्के, एस्टोनियाचं काय ते उद्यापर्यंत सांगायचंय," नीन्के म्हणाली. "जहाजाच्या खोल्या ठरवायच्यात. तू येत नसलीस तर तुझी जागा दुसऱ्या बाईला देणार आहेत."

"कुणाला?"

"ती नवी. जोरात गाते ना, तीच."

"ती बेसूर आहे."

"पण ती येतेय."

हिस्केने फोन कान आणि खांद्यात धरला होता. बोलता बोलता तिने बाटली तळव्यांत लाटली, उलटीपालटी केली, खणातून सिरिंज काढली, आठच्या रेघेपर्यंत भरली, ब्लेसची कातडी उचलली आणि टोचलं. टोपण कचऱ्यात टाकलं. "सांग त्यांना, नाही येत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

नऊच्या सुमाराला ब्लेस शेगडीजवळून उठला तो दारू प्यायल्यासारखा. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. भिंतीवर आपटला. तिने हाक मारली तर तिच्याकडे न बघता तिच्या आरपार बघत राहिला. मग आडवा झाला आणि त्याचं सगळं अंग ताठ होऊन थडथडू लागलं.

सीत्से दूर एका गोठ्यात विताना अडलेल्या गाईची सुटका करत होता. त्याने फोन उचलला तेव्हा मागे गाय हंबरत होती.

"घरात काकवी आहे? पॅनकेकवरची?"

"आहे!"

"बोटाला लावून हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. दातांपासून बोट सांभाळा. चोळत राहा. हिस्केबाई, सिरिंज कुठली वापरलीत?"

"नारिंगी."

"बघून सांगा."

एक हात काकवीने माखलेला, दुसऱ्या हाताने तिने कचऱ्याचा डबा फरशीवर पालथा केला. अंड्यांची टरफलं, कॉफीचा चोथा आणि त्यावर लाल टोपण.

"लाल," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"वीस गेले," सीत्से म्हणाला. "चोळत राहा. शुद्धीवर आला की गाडीत घाला आणि दवाखान्यात या. मी पोचतोच. आणि ऐका, तो उठून उभा राहिला, शेपटी हलवली, तरी घरी थांबायचं नाही. दुसरा स्केटर अजून निघालेलाच नाही."

दहा मिनिटांत झटका ओसरला. ब्लेसने जीभ फिरवली, काकवी चाटली आणि मान उचलली. हिस्केने तेवीस किलोंचा कुत्रा उचलून गाडीत घातला. कसा उचलला ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. दवाखान्यात पोचल्यावर तो चक्क चालत आत गेला, आणि अर्ध्या तासाने पुन्हा कोसळला. सीत्सेने पायाला साखरेची सलाईन लावली. दुपारी बारा, दोन, चार. साखर चढायची, पुन्हा घसरायची. हिस्के फरशीवर त्याच्या डोक्याशी बसून होती. तिच्या बाह्यांवर वाळलेली काकवी कडक झाली होती.

साडेपाचच्या सुमाराला आकडा जागेवर थांबला. सीत्सेने तिला कॉफी आणून दिली.

"आज रात्री इथेच राहू दे. संध्याकाळची सुई नाही."

तिने कप हातात धरला, प्यायली नाही. "सीत्से, मला लाल टोपण दिसलं होतं की नव्हतं, तेच कळत नाहीये. हातात होतं माझ्या. मी त्याच्याकडे बघत होते. तो मरावा असं मला जानेवारीपासून वाटतंय."

सीत्सेने खुर्ची ओढली. तो समजूत घालेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "ते मला सांगता येणार नाही. तुम्हालाही सांगता येईल असं वाटत नाही. तो उरलेला लाल डबा मात्र आजच्या आज माझ्याकडे द्या. आणि हे तुम्ही एकट्याने करत राहायचं नाही. पुढच्या वेळी मी गोठ्यात असेन आणि फोन लागणार नाही."

त्या रात्री पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला सातला काही काम नव्हतं. मोकळेपणाचं सुख वाटायला हवं होतं. ती कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली.

रविवारी डर्क म्हणाला, "ब्लेस?"

आणि हिस्केने सगळं सांगितलं. मधुमेह, सात आणि सात, सोडून दिलेला प्रवास, लाल टोपण, सगळं. मरावा असं वाटलं, तेही. डर्क ऐकत होता. त्याच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आवळत गेली. ती बोलायची थांबली तेव्हा त्याने ती सणसणीत शिवी हासडली. कुणाला, ते कळेना. मग त्याने तिचं मनगट पकडलं आणि म्हणाला, "ना. ना. ना."

"काय ना? त्याला मारू नको? की मला रडू नको म्हणतोस?"

"ना!" डर्क ओरडला आणि बोटाने स्वतःच्या छातीवर ठोकू लागला.

दारात मारिसेला उभी होती. ती तिथली परिचारिका. कुरासाओ बेटावरून वीस वर्षांपूर्वी आलेली, चाळिशीची, आणि डर्कच्या शिवीला तेवढ्याच तोडीचं उत्तर देणारी एकमेव बाई.

"काय डर्कराव, आज कुणाचा उद्धार चाललाय?" तिने औषधांची ढकलगाडी आत घेतली. "आणि छाती कशाला बडवताय?"

हिस्केने डोळे पुसत थोडक्यात सांगितलं. मारिसेलाने विचारलं, "इन्सुलिन कुठलं?" नाव ऐकल्यावर तिने गाडीचा खण उघडला आणि एक जाडसर पेन काढून हिस्केपुढे धरलं. "हेच ना? नऊ नंबरच्या आजोबांना रोज सकाळी देते मी. ह्याला सिरिंज लागत नाही. मागचं चाक फिरवायचं. टिक, टिक, टिक. आठ टिक म्हणजे आठ युनिट. लाल नाही, नारिंगी नाही. आंधळ्यालासुद्धा मोजता येतं."

डर्कने डावा हात पुढे केला होता.

"काय हवंय?" मारिसेलाने विचारलं.

"ब्लेस," डर्क म्हणाला आणि पेनाकडे बोट केलं. मग पुन्हा छातीवर ठोकलं.

हिस्के त्याच्याकडे बघतच राहिली. पाच महिने ती ह्या माणसापासून कुत्र्याचं दुखणं लपवत होती, आणि तो काय म्हणत होता? मी देतो.

"एका हाताने?" ती म्हणाली.

"हो," डर्क म्हणाला.

पुढचा महिना त्याच्यात गेला. सीत्सेने पेन लिहून दिलं. शुश्रूषागृहाच्या व्यवस्थापक बाईंनी आधी डोकं हलवलं. कर्मचाऱ्यांनी जनावराला इंजेक्शन देणं नियमात बसत नाही. मारिसेला म्हणाली, "इंजेक्शन हे देणार. मी फक्त कुत्र्याला कुरवाळणार. कुरवाळायला बंदी आहे का?" बाईंनी कागद चाळले. तशी बंदी कुठे लिहिलेली नव्हती.

सराव संत्र्यावर झाला. पेनसुद्धा आधी लाटावं लागतं. डर्क ते आपल्या मेलेल्या मांडीवर डाव्या तळव्याने मागेपुढे लाटायचा, दहा वेळा, ओठ हलवत मोजत. सुई मारिसेला बसवून द्यायची. मग चाक फिरवायचं, टिक टिक. पहिल्या दिवशी आठाच्या जागी अकरा झाले आणि त्याने शिवी दिली. तिसऱ्या दिवशी बरोबर आठ. मग पेन दाबून दहापर्यंत मोजायचं, नाहीतर औषध सुईतच राहतं. इथे तो अडायचा. मनात आकडे होते, पण मनातल्या मनात त्याची लय सुटायची. मारिसेला म्हणाली, "मोठ्याने मोजा की, डर्कराव. चुकले तर चुकले." त्याने तोंड उघडलं. "एक," तो म्हणाला. सहा महिन्यांत आलेला पहिला नवा शब्द. दोन आलं नाही. तेव्हा त्याने दहा वेळा "एक" म्हटलं.

मग खऱ्या ब्लेसवर. मारिसेलाने मानेमागची कातडी उचलून "कुरवाळलं", आणि डर्कने टोचलं. ब्लेसला बहुधा कळलंसुद्धा नाही. तो डर्कच्या बुटाचा वास घेण्यात गढला होता.

जूनमध्ये नीन्केने सांगितलं, की त्या बेसूर बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि जागा रिकामी आहे.

ब्लेसला डर्कच्या खोलीत सोडून हिस्के गेली. जहाजाच्या कठड्याशी उभी राहून तिने उघडा समुद्र पाहिला, आणि सातला तिचा हात आपोआप खिशात गेला. तिने फोन लावला. मारिसेला म्हणाली, "झालं हो, जेवला, टोचलं, आता डर्करावांच्या पायावर झोपलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. संध्याकाळी पुन्हा. एस्टोनियात घड्याळ एक तास पुढे, तर तिथे ती आठला लावायची. तिसऱ्या दिवशी मारिसेला वैतागली. "हिस्केबाई, तुम्ही गायला गेलात की पहाऱ्याला? उद्यापासून फोन मीच करीन, काही बिघडलं तर. नाही आला म्हणजे सगळं ठीक." फोन आला नाही. त्या दोन वेळा मात्र तिचं कुठल्याच गोष्टीत लक्ष लागायचं नाही, आणि हजारो लोकांनी भरलेल्या मैदानात गाताना एकदा तिचा सूर चुकला तो संध्याकाळी बरोबर आठला. नीन्केने कोपर मारलं.

परत आल्यावर ती ब्लेसला आणायला गेली. गळपट्टा हातात घेतला तर डर्कने तो दुसऱ्या टोकाने धरला आणि सोडेना.

"ना," तो म्हणाला.

"अरे, बारा दिवसांचंच ठरलं होतं."

"ना. ब्लेस. एक, एक, एक," तो म्हणाला आणि पेनाकडे बोट केलं. हिस्केसोबत आत आलेल्या व्यवस्थापक बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी काही म्हटलं नाही, आणि त्यांच्या न बोलण्यावरच ब्लेस तिथे राहिला.

हिस्के रिकामी गाडी घेऊन घरी आली. पायपुसणं कोरडं होतं. उन्हाळाभर ती मोकळी होती, आणि त्या मोकळेपणात तिला कुठे जावं ते सुचत नव्हतं. दर सोमवारी सीत्सेचं यंत्र घेऊन ती जायची आणि दिवसभर बसून ब्लेसची साखर मोजायची. पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. मधुमेहाच्या कुत्र्यांना बहुतेक होतात. तो डर्कच्या खुर्चीच्या चाकाचा आवाज ऐकून चालायला शिकला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, न्याहारीनंतर, खोलीच्या दारातल्या उन्हात तो गेला. सुई झालेली होती. डर्कने संध्याकाळी पेन मागितलं, मांडीवर दहा वेळा लाटलं आणि मारिसेलाच्या हातात परत दिलं. त्याच्याकडे तोवर एकोणीस शब्द झाले होते. त्यातला एकही त्याने दोन दिवस वापरला नाही.

मे महिन्यात सीत्सेचा फोन आला. वोप्के नावाचा एक म्हातारा शेतकरी, त्याच्या मांजरीला मधुमेह निघालाय आणि तो सुई बघून पळतोय. "तुम्ही त्याला सांगाल का समजावून? मी सांगितलेलं त्याला कळत नाही."

"सांगीन," हिस्के म्हणाली. "पण शिकवीन फक्त. सुई त्यालाच द्यावी लागेल."

ती त्याच्या स्वयंपाकघरात गेली, सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं आणि त्याच्या हातात संत्रं दिलं. मांजर फडताळावरून बघत होती.

"हे किती दिवस चालायचं?" त्याने विचारलं.

"ती आहे तोवर."

"आणि मला कुठे जायचं असलं तर?"

"कुणाला तरी शिकवायचं. मला सांगायला पाच महिने लागले, तुम्ही लपवू नका." तिने त्याच्या अंगठ्याखाली स्वतःचा हात धरला. "आता सुई तिरपी करा. अशी. आणि टोपणाचा रंग कुठला, ते मला मोठ्याने सांगा."

"नारिंगी वाटतंय," वोप्के म्हणाला.

"वाटतंय नको. चष्मा लावा."

म्हातारा कुरकुरत उठला आणि चष्मा शोधायला लागला.